पाय पानशेतमध्ये

“काका, कान जवळ आणा. डिस्कला हात नका लावू, नुसता कान आणा.”

अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळात, पहिल्या मजल्यावर, भर दुपारी मी टेबलावर ओणवा झालो होतो. लॅपटॉपच्या पोटातून काढलेली अडीच इंची डिस्क रबराच्या तुकड्यावर आडवी पडली होती, तिला एक वायर जोडलेली. बारीक घरघर येत होती, बाकी काही नाही.

“टक टक येतंय?”

“नाही बुवा.”

“मग देव पावला. टक टक आली की समजायचं हेड गेलं. तशी डिस्क मी घेतच नाही.”

पोरगा पंचविशीचा असेल, पण सांगायची हौस दांडगी. आत काचेच्या चकत्या असतात, मिनिटाला 5400 वेळा फिरतात आणि हेड, म्हणजे वाचणारं-लिहिणारं टोक, त्यांना न टेकता काही नॅनोमीटर वरून तरंगत राहतं. धुळीचा साधा कण त्या फटीत मावत नाही, म्हणून झाकण उघडायचं ते हवा गाळलेल्या खोलीतच. तुमचं हेड शाबूत आहे, जागोजागचे सेक्टर, म्हणजे चकतीवरचे लिहायचे कप्पे, खराब झालेत, बरंचसं निघेल म्हणाला. आणि पावती फाडता फाडता, “फक्त नावं यायची नाहीत.”

“कुणाची?”

“फायलींची, काका.”

घरी पोचेपर्यंत बातमी पसरलेली होती. माझी एक जुनी चीड आहे. डिस्क गेली असं कळल्याबरोबर माणसं विचारतात, “बॅकअप नव्हता का?” भेटायला आलेले लोक दारात चपला काढता काढता “शुगर होती का हो त्यांना?” म्हणतात ना, तोच सूर. होती म्हणा की नव्हती म्हणा, विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान एकच असतं, की हे आपल्याकडे झालेलं नाही. मी उत्तर देणं सोडून दिलं आहे. नुसता चहा विचारतो.

दुसरी जमात उपाय सांगणाऱ्यांची. तळमजल्यावरचे काका जिना चढून वर आले आणि म्हणाले, डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, आकसते आणि सुटते. आमच्या फ्रीझरमध्ये खोवलेला नारळ, मटार आणि होळीच्या वेळचं पुरण. बायको म्हणाली, “आण परत, ठेवू की. पण पिशवीवर नाव लिही, नाहीतर कुणीतरी पोळ्यांना काढेल.” मी दुकानात फोन केला. पलीकडे मोठा सुस्कारा ऐकू आला. थंडगार डिस्क बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं, आत चकतीवर ओल आली की उरलंसुरलंही गेलं. असे फ्रीझरमधून आलेले पेशंट त्याच्याकडे पुष्कळ येतात, आणि ते सगळे कुठल्या तरी काकांनी पाठवलेले असतात.

त्याची स्वतःची पद्धत मला पटली. मूळ डिस्कवर फार वेळ काढायचा नाही. आधी तिची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायची आणि काय उकरायचं ते नकलेत उकरायचं. नक्कल उतरवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव डीडीरेस्क्यू. अडलं तिथे तो हटून बसत नाही. तेवढी जागा सोडून पुढे जातो, धडधाकट भाग आधी पदरात पाडून घेतो आणि मग सोडलेल्या जागांकडे परत येऊन थोडं थोडं टिपतो. घरातल्या काही माणसांना ही रीत शिकवता आली तर फार बरं होईल, पण तो विषय वेगळा.

पुढचं काम फोटोरेकचं. डिस्कवर कुठे काय ठेवलंय याची यादीच खराब झालेली, तेव्हा हा प्रोग्रॅम यादीच्या नादी लागत नाही. एका टोकापासून वाचत निघतो. जेपेग फोटोची सुरुवात ठरलेली असते: एफएफ, डी8, एफएफ. ही खूण दिसली की इथे एक फोटो सुरू होतो असं समजून तो उचलतो. फोटोचं नाव आणि त्याचा फोल्डर मात्र त्या यादीत होते, आणि यादी गेलेली. मग प्रत्येक फाइलला ‘एफ’ आणि पुढे आकडे. हा आकडासुद्धा उगाच नाही, डिस्कवर ती ज्या जागी सापडली त्या जागेचा तो क्रमांक आहे. अशा रीतीने मुलीच्या बारशाचे फोटो बिननावाचे परत आले.

एकटे नाही आले. सोबत बँकेच्या साइटवरचं कुलूप, लाल गोलातली फुली, कुठल्याशा हॉटेलचा मेनू, रेशनकार्डाची स्कॅन, कुणीतरी पाठवलेले तिळगुळाचे हलते डबे. इंटरनेटवर फिरताना आपण बघितलेलं जे जे ब्राउझर गुपचूप साठवून ठेवतो, ते सगळं फोटोरेकच्या लेखी फोटोच. आणि ‘टी’ने सुरू होणाऱ्या बोटभर फायली, म्हणजे मोठ्या फोटोच्या पोटात असलेली त्याचीच छोटी प्रत. काही वेळा मोठा बिघडलेला आणि छोटा नीट. आमचा अख्खा गणपतीपुळ्याचा समुद्र मला टपालाच्या तिकिटाएवढा मिळाला.

त्याहून गंमत म्हणजे मी स्वतः कधीकाळी पुसलेलं बरंच काही हजर झालं. तसल्या डिस्कवर फाइल डिलीट केली की ती जागच्या जागीच असते. यादीतली ओळ खोडली जाते, जागा मोकळी जाहीर होते, आणि दुसरं काही वर लिहिलं जाईपर्यंत आधीचं तिथेच पडून राहतं. एका साहेबांना लिहिलेला आणि कधीच न दिलेला राजीनामा, वेगवेगळ्या पट्टीत. लग्नाआधीचा माझा बायोडाटा, ज्यात ‘आवड: वाचन, ट्रेकिंग’ असं आहे (बायकोने तो छापून फ्रिजवर लावला). मेव्हण्याबरोबरच्या एका हिशेबाचा तपशील, नारळांसकट. मुद्दाम घालवलेलं हे सगळं टवटवीत, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. बारसं मात्र अर्धं.

अर्धं म्हणजे अक्षरशः अर्धं. मोठी फाइल डिस्कवर सलग बसतेच असं नाही, तुकडे इकडेतिकडे असतात, आणि यादी नसल्यावर पुढचा तुकडा कुठला हे कळायला मार्ग नाही. फोटो वरून खाली लिहिलेला असतो. त्यामुळे डोकी येतात, खांदे येतात, मग एका ओळीपासून खाली सपाट राखाडी. सगळे पाहुणे कंबरेपर्यंत. एका फोटोत माझी बहीण, म्हणजे आत्या, बाळाच्या कानात कुर्र करायला वाकली आहे आणि जिच्याकडे वाकली ती मुलगी पाळण्यासकट राखाडीत.

असला एक फोटो आमच्याकडे आधीच होता. आजी-आजोबांच्या लग्नाचा. नारायण पेठेत नदीच्या अंगाला त्यांचं बिऱ्हाड होतं. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. बाबा तेव्हा दहा वर्षांचे. माणसं वेळेवर सदाशिव पेठेत मावशीकडे माडीवर पोचली, सामान राहिलं. पाणी ओसरल्यावर आजोबा परत गेले तेव्हा हा फोटो भिंतीवर खिळ्याला तसाच होता. पाणी चढलं होतं ते नेमकं फोटोच्या मधोमध. वरचं कोरडं. खालचं चिखलात भिजून काचेला चिकटलेलं, तपकिरी.

स्टुडिओवाल्याने म्हणे बजावलं होतं, ओढून काढायला जाऊ नका, उरलंय तेही सुटून येईल. म्हणून तो काचेसकट राहिला. लहानपणी मी त्याच्यासमोर पाटावर बसून जेवायचो. टोपी, मुंडावळ्या, आजीची नथ, दोघांच्या गळ्यातले हार, आणि मग तपकिरी. मी दर थोड्या दिवसांनी विचारायचो, “आजी, आजोबांचे पाय कुठायत?”

“पानशेतमध्ये,” आजी आमटी वाढता वाढता सांगायची.

मला ते पटलेलं होतं. पानशेत हे पाय ठेवायचं काहीतरी ठिकाण असणार. आजोबा शेजारी आपल्या दोन्ही पायांची मांडी घालून जेवत असायचे, त्यात मला कधी काही विसंगत वाटलं नाही. शाळेच्या सहलीत धरण दाखवायला नेलं तेव्हा मात्र मी भिंतीवरून बराच वेळ खाली बघत होतो.

निवृत्त झाल्यावर बाबांनी कॉम्प्युटर शिकून घेतला आणि दोन बोटांनी टंकायला लागले. पुरावर लिहितोय, असं ते सांगायचे. कुणाला दाखवलं नाही. त्यांच्या फायली जुन्या डब्यावरून नव्या डब्यावर होत होत या लॅपटॉपपर्यंत पोचल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर बोळातला जिना मी चढलो तो बारशापेक्षा त्यासाठी.

वर्डच्या काही फायली निघाल्या. उघडल्या तर आत रोमन अक्षरं, कंस, अर्धविराम, मधेच डॉलरचं चिन्ह. युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसायची सोय, घराघरांत पोचायच्या आधीचा शिवाजी फॉन्ट. तो नसेल तर त्यातलं मराठी असंच दिसतं. शोधून तो बसवला आणि एकेक पान वाचता येऊ लागलं. वीजमंडळाला अर्ज. गॅसच्या नंबरांच्या तारखा. नातीच्या शाळेसाठी ‘पावसाळा’ या विषयावर निबंध, त्यात पुराचा उल्लेख नाही. पानशेत कुठेच नव्हतं. डिस्कने खाल्लं, की बाबांनी ते नुसतं मनातच लिहिलं होतं, हे विचारायला आता कुणी नाही.

सगळ्यात लांबलचक फाइल निघाली ती आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त. बाबा तेव्हा सेक्रेटरी होते. विषय क्रमांक 4: गच्चीवरील पाण्याच्या टाकीची गळती. काम तातडीने हाती घ्यावे असा ठराव सर्वानुमते संमत. अनुमोदक: तळमजल्यावरचे काका.

मी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. काकांनी लगेच अंगठा दाखवला. गळती चालू आहे.