आठ दिवे, दोन बटणं आणि आमचे सर

शाळेच्या अंकासाठी लिहा म्हटल्यावर बाकीचे सगळे गॅदरिंग, सहल, रंकाळा ह्यावर लिहिणारच आहेत, म्हणून मी फक्त आपल्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबवर लिहितो, कारण आज मी जे काम करतो ते तिथं सुरू झालं.

आम्ही व्होकेशनलची पोरं. बहुतेकांचे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात नाहीतर शिरोलीच्या फौंड्रीत, त्यामुळं लेथ, मोटर, स्टार्टर हे घरात ऐकून माहीत होतं, पण प्रोग्रॅम लिहून दिवा लावायचा हे नवीनच होतं. सिलॅबसमध्ये हे नव्हतंच, कॉलेज सुटल्यावर सर थांबायचे आणि ज्याला पाहिजे त्यानं बसायचं.

आम्ही शिकलो ती ८०५१, म्हणजे इंटेलनं १९८० साली काढलेली मायक्रोकंट्रोलर चिप, प्रोग्रॅम टाकला की त्याप्रमाणं पिना चालू-बंद करणारी. आमच्याकडं ॲटमेलची ८९सी५१ होती, ४० पिनांची, आत प्रोग्रॅमला ४ केबी फ्लॅश मेमरी आणि कामापुरती रॅम फक्त १२८ बाइट. पोर्ट म्हणजे आठ पिनांचा गट; पोर्ट वनला आठ एलईडी, पोर्ट थ्रीला दोन बटणं, बास. एलईडी पाच व्होल्टवरून रेझिस्टर लावून पिनला जोडलेला, म्हणजे पिनवर शून्य दिलं की पेटणार, कारण ही चिप करंट बाहेर द्यायला कमजोर आहे पण आत ओढून घेते बऱ्यापैकी. बटण पिन आणि ग्राउंडच्या मध्ये, दाबलं की शून्य. सर सीएलआर (पिन शून्य कर), सेट-बी (पिन एक कर), जेएनबी (पिन शून्य असेल तर उडी मार) अशा असेंब्लीच्या, म्हणजे थेट चिपच्या भाषेतल्या इन्स्ट्रक्शन एकेक करून फळ्यावर लिहायचे आणि प्रत्येकीनंतर विचारायचे, आता पिनवर काय आहे? उत्तर आल्याशिवाय पुढची ओळ नाही.

खरी मजा आली बटणाला. एकदा दाबलं की दिवा लागायचा, परत दाबलं की विझायचा असा प्रोग्रॅम, वाचला तर बरोबर, पण दिवा मनाला येईल तसा वागायचा. सरांनी सीआरओ (सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) आणून लावला आणि आम्हाला परत परत बटण दाबायला लावलं. तेव्हा दिसलं की आतले कॉन्टॅक्ट दाबल्यावर काही मिलिसेकंद थरथरतात, आणि १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर (चिपला ठोके देणारा भाग) ही चिप एक मशीन सायकल, म्हणजे कामाची एक पायरी, एका मायक्रोसेकंदात करते, म्हणजे आपण एकदा दाबलं तरी तिला ते कितीतरी वेळा दाबल्यासारखं दिसतं. मग डिले, म्हणजे चिपला मुद्दाम थांबवणं. डीजेएनझेड ही आकडा एकानं कमी करत शून्य होईपर्यंत फिरवणारी इन्स्ट्रक्शन, तिला दोन सायकल, २५० वेळा फिरवलं की ५०० मायक्रोसेकंद, ते परत ४० वेळा केलं की २० मिलिसेकंद, तेवढं थांबून बटण परत वाचायचं, आणि बोट उचलेपर्यंत पुढं जायचं नाही. हा हिशोब सर वहीत करून घ्यायचे, कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी. दुकानात ११.०५९२ चा क्रिस्टल मिळाला तर सायकल १.०८५ मायक्रोसेकंदाची होते, मग हिशोब नव्यानं.

त्याच वर्षी गल्लीच्या मंडळाच्या गणपतीमागं फिरतं चक्र आम्ही केलं, यूएलएन२८०३ (चिपचा कमजोर सिग्नल घेऊन जास्त करंट चालवणारी आयसी) आणि आठ रिले (विजेवर चालणारे स्विच) लावून. चालू करताच क्षणभर सगळे बल्ब एकदम पेटायचे आणि मग चक्र फिरायला लागायचं. रिसेटनंतर सगळे पोर्ट एक होतात आणि इथं एक म्हणजे रिले ओढला, हे सरांनी मांडवात येऊन समजावलं. पिन करंट द्यायला कमजोर, म्हणून पिनांना बाहेरून पुल-अपही (पाच व्होल्टकडं ओढणारे रेझिस्टर) त्यांनीच लावून दिले.

आता मी एमआयडीसीत कंट्रोल पॅनेल करतो. स्टार्ट बटण एकदा दाबल्यावर मशीन दोनदा सिग्नल घेतंय म्हणून फोन आला की आमचा हात आधी फिल्टर टाइमकडंच (बटणाची थरथर गाळायला थांबायचा वेळ) जातो. आजची पोरं आर्डुइनोच्या तयार बोर्डवर एका ओळीत दिवा लावतात, लावू देत, चांगलंच आहे. पण माझं स्पष्ट मत आहे की सुरुवातीला महिनाभर तरी असेंब्ली करावी, कारण मशीन नेमकं काय करतंय हे पिनपर्यंत जाऊन बघायची सवय तिथंच लागते आणि नंतर मुद्दाम कुणी लावत नाही.

म्हणून लॅबच्या आत्ताच्या सरांना विनंती, जुना बोर्ड असेल तर टाकू नका. त्यात ८९एस५२ बसवू, पिना त्याच आहेत आणि चिप न काढता यूएसबी प्रोग्रॅमरवरून प्रोग्रॅम टाकता येतो. फक्त पोर्ट वनच्या शेवटच्या तीन पिना त्यासाठी लागतात, तेव्हा एलईडी पोर्ट टूवर घेऊ. चिपा, प्रोग्रॅमर मी आणतो, शनिवारी दुपारनंतर मोकळा असतो, पोरांना निरोप द्या.