फळांच्या घरात वाघूळ: आमची वाटचाल

आमचं घर सावंतवाडीचं. सासरे आयुष्यभर लाकडी फळं करत आले. आंबा, केळं, सीताफळ, पेरू सगळं लेथवर कातायचे आणि सासूबाई रंगवायच्या, टोपलीभर फळांचा तो सेट कोकणात फिरायला आलेल्या कितीतरी घरांच्या शोकेसमध्ये असेल. मी लग्न होऊन आले आणि रंगकाम शिकले. म्हणजे आमचा धंदा मुळात फळांचा, वटवाघूळ त्यात नंतर आलं, आणि आता विचार केला तर वाटतं की फळं आहेत तिथे ते येणारच होतं.

झालं असं की 2017 साली माहेरी चिकूच्या झाडावर टाकलेल्या जाळ्यात एक मोठं वाघूळ अडकलं. सकाळी भाऊ कात्री घेऊन आणि मी जाड टॉवेल आणि हातमोजे घेऊन अर्धा तास ते जाळं कापत बसलो. तेव्हा पहिल्यांदा मी त्याचा पंख इतक्या जवळून पाहिला. पंख म्हणजे चक्क हात असतो हो! अंगठा वेगळा, त्याला नखी, आणि बाकीची चार बोटं लांबच लांब होत गेलेली, त्यांच्यामध्ये ताणलेली पातळ कातडी, मागून ऊन आलं की शिरासुद्धा दिसतात. तोंड कोल्ह्यासारखं, डोळे मोठे तपकिरी, मानेभोवती तांबूस सोनेरी केस. सोडल्यावर ते फांदीवर चढलं आणि उलटं लटकून पंख अंगाभोवती गुंडाळून बसलं, आणि माझ्या डोक्यात तिथेच आलं की हे तर कानातलंच आहे, लटकणं हाच त्याचा स्वभाव.

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "ह्या वागूळ कानात कोण घालतला गो?" त्यांचंही बरोबरच होतं, आपल्याकडे वाघूळ घरात शिरलं तरी अशुभ मानतात. सासरे मात्र काही न बोलता दुसऱ्या दिवशी शिवणीच्या लाकडाचा एक तुकडा घेऊन आले.

पांगाऱ्याचं लाकूड हलकं म्हणून तेही वापरून पाहिलं, पण पंखाचं टोक पातळ केलं की मऊ लाकूड दाबलं जायचं नाहीतर तुटायचं. शिवण हलकी पण आहे आणि धरून पण राहते. तरी पहिले पंधरा-वीस जोड तुटलेच, कारण मी लाकडाच्या रेषा आडव्या घेत होते. सासऱ्यांनी दाखवलं की सगळ्यात लांब बोट ज्या दिशेला जातं त्या दिशेने रेषा ठेवायची. हे एवढं एक वाक्य नसतं तर धंदा तिथेच संपला असता. आता आम्ही बारीक ब्लेडच्या करवतीने आकार कापतो, कानशीने घासतो, मग पॉलिश पेपरचे तीन हात, बोटांच्या रेघा तापलेल्या पेनने जाळून काढतो आणि पंख काळसर तपकिरी रंगवतो. मान रंगवतच नाही, शिवणीचा फिकट पिवळा रंग तिथे तसाच ठेवतो आणि वरून लाखेचं पॉलिश. हुक सर्जिकल स्टीलचा. चार इंच लांब असूनही एक कानातलं सात ग्रॅमच्या वर जाऊ द्यायचं नाही हा माझा नियम आहे, कारण सुंदर असून कान ओढणारं कानातलं बाई एकदाच घालते.

एक चूक सांगायलाच हवी. पहिल्या डिझाइनला मी मोठे टोकदार कान दिले होते, चित्रात असतात तसे. एका प्रदर्शनात वटवाघळांवर अभ्यास करणारी एक मुलगी आली, हातात घेऊन म्हणाली, ताई, हे कान किडे खाणाऱ्यांचे आहेत, आपलं फळं खाणारं मोठं वाघूळ डोळ्यांनी आणि वासाने फळ शोधतं, त्याचे कान छोटे असतात. मी तो सगळा लॉट बाजूला काढला आणि पुन्हा कापला. तिच्याकडूनच कळलं की 1972 च्या वन्यजीव कायद्यात फळं खाणारी वटवाघळं उंदीर आणि कावळ्यांच्या बरोबर उपद्रवी यादीत होती. 2022 च्या दुरुस्तीत ती यादीच काढून टाकली, ती बातमी आली त्या दिवशी आमच्याकडे शिरा झाला.

मधली वर्षं वाईट गेली. 2020 मध्ये कोरोना आणि वटवाघूळ हे नाव एकत्र जोडलं गेलं, 2021 मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांमध्ये निपाह विषाणूच्या अँटिबॉडीज सापडल्याची बातमी आली आणि होत्या त्या ऑर्डर्स पण कॅन्सल. एका प्रदर्शनात तर आयोजकांनी माल टेबलावरून काढायला लावला, लोक घाबरतात म्हणे. मला फार लागलं ते. काळजी घ्यावीच, उष्टं पडलेलं फळ खाऊ नये, मेलेल्या किंवा आजारी वाघळाला हात लावू नये, हे मी आता पॅकिंगमधल्या चिठ्ठीत लिहिते. पण त्याच चिठ्ठीत हेही लिहिते की वड, उंबर, जांभूळ, उंडी यांच्या बिया रात्रभर लांब लांब नेऊन टाकणारं तेच आहे, आणि मादीला वर्षाला बहुतेक एकच पिल्लू होतं, त्यामुळे एक वस्ती उठवली की ती भरून यायला किती वर्षं लागतील याचा विचार करा.

आज आम्ही घरातले तिघं आणि शेजारच्या दोन बायका मिळून महिन्याला साठ-सत्तर जोड करतो, जास्त घेत नाही. सगळ्यात जास्त जातो तो पंख मिटलेला जोड. पुण्याच्या एका ताईंनी तो लग्नाच्या रिसेप्शनला पैठणीवर घातला आणि फोटो पाठवला, तो सासूबाईंच्या फोनवर अजून आहे, त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. आणि भावाने चिकूवरचं जाळं काढलं, आता वरच्या फांद्यांचे चिकू तो वाघळांसाठी सोडतो.

सध्या पोटाला पिल्लू धरलेली मादी करतेय. पिल्लाचा अंगठा तांदळाच्या दाण्याएवढा आहे आणि दर वेळी तिथेच मोडतोय, सासरे म्हणतात लाकूड बदल, मी म्हणते अजून चार तुकडे शिवणीवरच बघू.