'रेकॉर्ड डिलीट झालं आहे' असं दिसलं तरी नवी एंट्री टाकू नका

स्क्रीनवर 'संबंधित रेकॉर्ड डिलीट झालं आहे' असा लाल मेसेज आला की शॉपफ्लोअरवरून पहिली सूचना येते, "मॅडम, नव्या नंबरनं टाकून देतो ना जी, ऑडिट आहे." हिंगणा एमआयडीसीतल्या एका कास्टिंग कारखान्यात मी क्वालिटीचं सॉफ्टवेअर सांभाळते, आणि माझं उत्तर दर वेळी 'नाही' असतं. नव्या एनसीआरवर (नॉन-कन्फॉर्मन्स रिपोर्ट, म्हणजे मालातल्या दोषाची नोंद) तारीख आजची पडते, सही आजची पडते. जोडलेली CAPA (दोष सुधारायची आणि टाळायची कारवाई), 8D रिपोर्ट (दोषाचं कारण शोधल्याचा अहवाल), ग्राहकाचं पत्र मात्र जुन्याच नंबरला लटकून राहतात.

रेकॉर्ड बहुतेकदा गेलेलं नसतंच. अशा सॉफ्टवेअरमध्ये डिलीट म्हणजे सहसा फक्त एक खूण, ओळ डेटाबेसमध्ये तशीच असते. म्हणून आधी ते माझ्या लॉगिननं उघडून बघते. उघडलं तर भानगड परवानगीची. यादीत दिसतं पण उघडत नाही, तर सर्च इंडेक्स (शोधासाठी सॉफ्टवेअरनं बनवलेली सूची) जुना राहिलेला असू शकतो.

या उन्हाळ्यात आलेलं प्रकरण या दोन्हींत बसत नव्हतं. जुने एनसीआर उघडेनात, पण सगळे नाही. मासिक रिपोर्टच्या एक्सेलमध्ये उघडणारे आणि न उघडणारे शेजारी-शेजारी लावले. पार्ट वेगळे, लाइन वेगळी, महिने वेगळे. न उघडणाऱ्या सगळ्यांत दोषाचा कोड एकच, ब्लो होलचा (कास्टिंगमध्ये वायूमुळे पडलेलं छिद्र). ऑडिट ट्रेलमध्ये, म्हणजे कुणी कधी काय बदललं याच्या नोंदीत, तो कोड शोधला, तर डिलीटची नोंद समोर आली. ड्रॉपडाउन फार लांबलंय म्हणून कुणीतरी दुहेरी वाटणारे कोड साफ केले होते. हेतू चांगलाच होता; 'कोड वापरात आहे' हा इशारा देणारी तपासणीच त्या मास्टरवर, म्हणजे कोडच्या मूळ यादीवर, बंद होती.

त्याच नावाचा कोड पुन्हा बनवून उपयोग नव्हता. त्याला आतला आयडी नवा मिळतो, आणि जुने एनसीआर नाव नाही, आयडी शोधतात. आयटीवाले दादा म्हणाले, थेट डेटाबेसमध्ये ओळ घालतो. मी नको म्हटलं, कारण अशा ओळीची खबर सॉफ्टवेअरच्या ऑडिट ट्रेलला लागत नाही. बॅकअपची प्रत टेस्ट सर्व्हरवर उतरवून तिथे डिलीटची खूण काढून पाहिली, जुने एनसीआर उघडले, मगच लाइव्हवर अॅडमिन स्क्रीनमधून तेच केलं आणि कोड 'निष्क्रिय' ठेवला. आता नव्या एंट्रीत तो दिसत नाही, जुन्या रेकॉर्डवर मात्र दिसतो.

इतका आटापिटा कशाला, असं विचारणाऱ्यांना मी नियम दाखवते. वाहन उद्योगाच्या क्वालिटी मानकानुसार, आयएटीएफ 16949 नुसार, पीपीएपीसारखी (पार्टच्या मंजुरीची) कागदपत्रं पार्ट उत्पादनात किंवा सर्व्हिसमध्ये आहे तोवर, आणि वर 1 कॅलेंडर वर्ष ठेवायची असतात. मिहानमध्ये औषध कंपनीत असलेल्या माझ्या मैत्रिणीकडे याहून कडक. इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या अमेरिकेच्या 1997 च्या नियमाप्रमाणे (21 सीएफआर भाग 11) बदल करताना आधीची नोंद झाकली जाता कामा नये. पण नियम नसता तरी मी हेच केलं असतं. त्या एनसीआरमध्ये कुणीतरी रात्रपाळीत उभं राहून मोजलेली मापं आहेत.

मास्टर साफ करायची विनंती आली की आता मी आधी 'कुठे वापरला' ही यादी काढते. एक जरी जुना एनसीआर सापडला तरी कोड निष्क्रिय होतो, डिलीट नाही. आणि डिलीटचं बटण सगळ्या युजर रोलमधून काढलं आहे, माझ्यासकट.