गुरे चरतात का? हो / नाही

पुतणीच्या हातात छापील फॉर्म होता. झाडाचा नंबर, घेर, उंची, जीपीएस, आणि सगळ्यात खाली एक रकाना: गुरे चरतात का? हो / नाही. या एका रकान्यावरून निरंकाराच्या रायीत, म्हणजे देवराईत, घोट्याएवढ्या चिखलात उभं राहून, आमची चांगली अर्धा तास हुज्जत झाली.

बांबरची ही राय आम्हा गोव्यातल्या सत्तरीकरांना नवी नाही. देवाची जागा, तिथे कोयता चालवायचा नाही, एवढं न शिकवता कळलेलं. अभ्यासकांना तिचं अप्रूप आहे ते रानजायफळाच्या दलदलीचं. चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून ती गुडघा वाकवावा तशी वर येतात आणि परत खाली जातात. साल दुखावली की तांबडा चीक गळतो. लहानपणी मला ते रक्तच वाटायचं आणि मी हात मागे बांधून चालायचो.

पुतणी पानांतला डीएनए तपासणार आहे. प्रत्येक झाडाच्या कोवळ्या पानाचा तुकडा सिलिका जेलच्या पाकिटात टाकायचा. तो चटकन सुकला पाहिजे, नाहीतर डीएनए खराब होतो. मी निवृत्त मास्तर, अक्षर बरं, म्हणून पाकिटांवर नंबर घालायचं काम माझ्याकडे.

तिने मला समजावलं ते असं. पानात दोन दप्तरं असतात. एक पेशीच्या केंद्रकातलं, त्यात अर्धं आईचं आणि अर्धं बापाचं. दुसरं हरितलवकातलं, बहुतेक फुलझाडांत ते फक्त आईकडून येतं. त्यामुळे दुसऱ्या दप्तरावरून बी कुठून कुठे गेलं ते कळतं, आणि दोन्ही ताडून पाहिली की परागांचा प्रवासही. गोरखचिंच, म्हणजे बाओबाब, भारतात कशी आली हे कोडं असंच सुटत गेलं. भारतातल्या गोरखचिंचा आफ्रिकेतून आल्या, आणि त्याही एका खेपेत नाही, वेगवेगळ्या वेळी, हे 2015 साली डीएनएवरून मांडलं गेलं. गलबतांच्या वह्या हरवल्या तरी झाडांनी आपली वही सांभाळली होती.

नर-मादीचं मात्र मला कोणी शिकवायला नको. आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, माझ्या वडिलांनी बियांपासून जायफळाची अकरा रोपं केली होती. सहा-सात वर्षं पाणी घातलं, फुलं आली तेव्हा सात नर निघाले. वडील दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. रानजायफळातही तीच रीत, नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. बी जड, आणि सुकलं की मेलं, ते साठवून ठेवता येत नाही. धनेशाने गिळून लांब नेऊन टाकलं तर ठीक, नाहीतर ते आईच्याच पायाशी. दोन रायींमधलं रान तुटलं की या झाडांना सोयरीक लांबून मिळेनाशी होते. पण हे जुन्या झाडांत दिसत नाही. ती जन्मली तेव्हा रान सलग होतं, त्यांच्या डीएनएत तो जुना ऐवज अजून शाबूत असतो. खरी हालत रोपांत कळते. म्हणून पुतणी थोराड झाडांइतकीच वीतभर रोपांचीही पानं घेत होती.

आणि रोपं आली की म्हशी आल्या.

आमच्याकडे दूध घालणारे गवळी-धनगर बाबा वाटाड्या म्हणून बरोबर होते. एकेकाळी त्यांच्याकडे चाळीस म्हशी होत्या, आता चार. मुलगा पिसुर्ल्याच्या कारखान्यात जातो. पुतणी म्हणाली, "काका, म्हशी दलदलीत शिरल्या तर रोपं तुडवली जातात. मी 'हो'वर खूण करते." बाबा शांतपणे म्हणाले, "मास्तर, रायीत म्हस घालीत न्हाय आमी. व्हाळाच्या अल्याड थांबवतो." व्हाळाकाठी, म्हणजे ओढ्याकाठी, एक शेंदूर लावलेला पाषाण आहे. तिथपर्यंत चराई, त्याच्या पलीकडे नाही. वर सड्यावर, म्हणजे खडकाळ माळावर, मात्र म्हशी चरतात, पूर्वीपासून.

आता फॉर्मात राय आणि सडा यांना मिळून एकच रकाना. माझं म्हणणं एवढंच की राय टिकली ती त्या पाषाणामुळे, आणि तो पाषाण मानणारा माणूस हाच म्हशीवाला आहे.

राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव पक्षी उद्यानाची गोष्ट मी पुतणीला तिथेच सांगितली. 1982 साली तिथे चराई बंद केली. गावकरी उठले, गोळीबारात माणसं मेली. नंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कित्येक वर्षांच्या अभ्यासात दिसलं की म्हशी गेल्यावर पास्पालम गवत माजलं, उघडं पाणी झाकलं गेलं आणि पाणपक्ष्यांचंच नुकसान झालं. ज्यांच्यासाठी बंदी, त्यांनाच ती भोवली.

म्हणून सगळे गवळी साधुसंत असं मी म्हणत नाही. जानेवारी 2020 मध्ये म्हादई अभयारण्यात गोळावलीला चार वाघ विष घालून मारले गेले. वाघाने गुरं मारली म्हणून, आणि पकडले गेले ते गुरं पाळणाऱ्या घरातलेच. हा विषय निघाला तेव्हा बाबा व्हाळाकडे बघत राहिले. मग एवढंच बोलले, "म्हस मेली की घरात चूल पेटत न्हाय. पण वाघ मारूचो न्हाय."

परतताना त्यांनी पुतणीला विचारलं, पानावरून काय कळतं? तिने आईकडच्या दप्तराचं सांगितलं. बाबा एकदम खुलले. त्यांच्या चारही म्हशींची आई, आईची आई, तिची आई असं सात पिढ्यांपर्यंत त्यांनी नावानिशी सांगितलं. चांदी, तिची मोरी, तिची काळी. रेड्याचं नाव एकदाही नाही. पुतणीने फॉर्म उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर ते लिहून घेतलं.

घरी येऊन पडवीत पाकिटं मोजली. एकेचाळीस. फॉर्म वर ठेवला होता. 'हो' आणि 'नाही' दोन्ही मोकळेच होते, बाजूला पेन्सिलने व्हाळाची रेघ काढून पाषाणाच्या जागी एक टिंब दिलं होतं.