केतेवान राणीची खिडकी

मी सावंतवाडीचा, गोव्यात टुरिस्टची गाडी चालवतो. ओल्ड गोवा म्हणजे आमचा रोजचा रूट, बॉम जेझस, समोर से कॅथेड्रल, फोटो झाले की गाडी मंगेशीला. सेंट ऑगस्टीन चर्चचा तो अर्धा पडलेला मनोरा मी खालूनच बोट करून दाखवायचो, वर चढ आहे, ऊन असतं आणि लोकांना वाटतं पडक्या भिंतीत काय बघायचंय.

त्या दिवशी जॉर्जियाचं जोडपं होतं, अमेरिकेतलं जॉर्जिया नव्हे, रशियाला लागून जो देश आहे तिथलं. साठीच्या आसपासची बाई, नवरा गप्प. सकाळी रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला सलीम अली अभयारण्यात नेलं, ओहोटी होती, खारफुटीच्या मुळांवर खंड्या बसलेला, एवढा जवळ की चोच स्पष्ट दिसत होती. पण बाईचं लक्षच नाही, सारखं घड्याळ बघत होती.

ओल्ड गोव्याला आलो तर म्हणाली, आधी ऑगस्टीन. मग फोनवर ट्रान्सलेट करून मला एकेक वाक्य दाखवत गेली. केतेवान त्यांची राणी. धर्म सोडायला नकार दिला म्हणून इराणच्या शाह अब्बासने 1624 मध्ये शिराजला तिला तापलेल्या लोखंडाने हाल करून मारलं. ऑगस्टीनच्या पाद्र्यांनी तिच्या अस्थी उचलल्या आणि थोड्या इथे गोव्यात आणून चॅप्टर चॅपलच्या, म्हणजे मठातल्या छोट्या प्रार्थनाघराच्या, एका खिडकीत दगडी पेटीत ठेवल्या. पुढे 1835 ला पाद्री गेले, 1842 ला चर्चचं छप्पर कोसळलं आणि ती खिडकीच ढिगाऱ्याखाली गेली. पुरातत्त्व खात्याने जुने पोर्तुगीज कागद धरून वर्षानुवर्षं शोध घेतला, हाताचं हाड सापडलं, हैदराबादच्या लॅबने डीएनए तपासला, आणि 2021 मध्ये आपल्या सरकारने त्या अस्थींतला भाग जॉर्जियाला दिला. मी हे सगळं तिच्या फोनवर वाचत होतो. इतकी वर्षं त्याच रस्त्याने गाडी नेतोय आणि मला यातलं काहीच माहीत नव्हतं, खरंच लाज वाटली.

आत डोक्यावर छप्पर नाही, जांभ्या दगडाच्या भिंती, पायाखाली जुनी थडगी, भिंतीला कुठे कुठे निळ्या फरशांचे तुकडे चिकटलेले. बाई चॅपलमध्ये जाऊन गुडघ्यावर बसली, भिंतीला हात टेकला आणि हळू आवाजात गायला लागली. आणि दिवसभर तोंड न उघडलेला तो नवरा, त्याने मागून एकदम खर्जात सूर लावला. दोनच माणसं, पण अख्खी भजनी मंडळी बसल्यासारखं भरून आलं हो. गेटवरचा गार्डसुद्धा टोपी काढून उभा राहिला.

संध्याकाळी पणजीच्या चर्चपाशी गाडी थांबवली, हे माझ्या मनानेच. वर जी मोठी घंटा दिसते ना ती मूळची ऑगस्टीनच्याच मनोऱ्यातली, एवढं मला माहीत होतं. सांगितल्यावर दोघं पायऱ्यांखाली मान वर करून कितीतरी वेळ उभी होती.

एअरपोर्टला उतरताना तिने राणीचं छोटं चित्र हातात ठेवलं. ते आता डॅशबोर्डवर गणपतीशेजारी आहे. पॅसेंजर विचारतात ही कोण, मग मी गाडी चढावर घेतो.