माझा प्रश्न कामून उडवला?

प्रश्न काढला की कारण का लिहून देता, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. परभणीच्या मोंढ्यात, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर एकाच्या दहाव्यालासुद्धा मला एकच प्रश्न आलाय: "दादा, माझा प्रश्न कामून उडवला?" आम्ही चौघं शेतीच्या प्रश्नोत्तरांचा टेलिग्राम गट चालवतो. कुठला प्रश्न ठेवायचा, कुठला काढायचा, ते आमच्या हातात.

सुरुवातीला माझं उत्तर ठरलेलं असायचं: "नियम ४ पाहा." माझं काम भागायचं. समोरच्याला काय कळायचं, देव जाणे.

मग एका जुलैत आठवडाभर झड लागली. जिंतूरकडच्या एका काकांनी लिहिलं, "सोयाबीन पिवळं पडलंय, काय फवारू?" त्या दिवसांत असले प्रश्न ढिगानं येतात. मी 'हे आधी विचारलंय' म्हणून काढला आणि जुन्या उत्तराची लिंक चिकटवली. ते उत्तर पिवळा मोझॅक या विषाणूच्या रोगाचं होतं. तो विषाणू पांढरी माशी पसरवते, म्हणून रोगट झाडं उपटा आणि माशीसाठी फवारा, असं त्यात होतं. काकांनी औषध आणलं, पंप पाठीवर घेतला, सांगितलं तसं केलं.

त्यांच्या रानात मोझॅक नव्हताच. जमीन चुनखडीची, वर पाणी साचलेलं. अशा वेळी मुळांना लोह उचलता येत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. मोझॅकमध्ये पानावर पिवळे-हिरवे वेडेवाकडे चट्टे येतात. इथं चर काढून पाणी बाहेर घालवायचं होतं, वाफसा आल्यावर लोह देणारं फेरस सल्फेट फवारायचं होतं. काकांचे पैसे गेले ते माझ्या लिंकमुळं.

मी फोटो मागितला नाही, ही चूक झालीच. पण मला जास्त लागली ती दुसरी. "तुमच्या पानावर चट्टे आहेत असं धरून प्रश्न काढतोय" एवढं जरी लिहिलं असतं, तर काका लगेच म्हणाले असते, "चट्टे कुठले, शिरा हिरव्या हायत." कारण लिहिलं असतं तर माझी चूक त्यांना धरता आली असती. 'नियम ४'मध्ये धरायला काहीच नसतं.

स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रॅमर लोकांची २००८ पासूनची साइट. तिथं बंद केलेल्या प्रश्नावर कारण लिहिलेलं असतं, आणि प्रश्न सुधारला तर तो पुन्हा उघडू शकतो. टेलिग्रामवर ती सोय नाही. म्हणून आम्ही काढलेला प्रश्न त्या माणसाला खाजगीत परत पाठवतो, खाली दोन ओळी: "पेरणीची तारीख आणि पानाचा फोटो नाही, त्यामुळं रोग की अन्नद्रव्याची कमतरता ते ठरत नाही. टाका, लगेच गटावर घेतो." उत्तर काढलं तरी तसंच. कुणी भेंडीवर मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सुचवलं, तर भाजीपाल्यावर त्याला बंदी आहे हे स्पष्ट लिहितो.

एका फवारणीत दुप्पट उतारा देणाऱ्या बाटलीची जाहिरात मात्र मी अजूनही न बोलता उडवतो. त्यांना कारण माहीत असतं.

काका गटावर आहेत. आता प्रश्नाच्या आधीच पानाचे तीन फोटो टाकतात; त्यातला एक हमखास त्यांच्या अंगठ्याचा असतो.