'दुसऱ्या'पाशी अडलेलं पोर

एप्रिल सरत आला की बडोद्यातल्या मराठी घरांतून फोन सुरू होतात. "मुलगी अकरा वर्षांची आहे, इंग्रजी धडाधड वाचते, मराठी पुस्तक मात्र हातात धरत नाही. सुट्टीत काय करू?" आणि मी तोंड उघडायच्या आत, "एक चांगली यादी द्या ना." यादी दर वर्षी देतो, दर वर्षी तोच फोन परत येतो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पोरगी आळशी आहे, हे आधी डोक्यातून काढा. बडोद्यातलं मूल शाळेत इंग्रजी वाचतं, रस्त्यावर गुजराती पाट्या वाचतं, हिंदीच्या तासाला देवनागरी. हिंदी येतं म्हणजे मराठी आलंच, असं आपण धरून चालतो. ती अडते कुठे ते बघा. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'कुऱ्हाड': यातला अर्धा र हिंदीच्या पुस्तकात तिला कधी भेटलेलाच नाही. 'चार' आणि 'चाक' यांतले च वेगळे, अक्षर एकच. घरात कानावर 'केलं, झालं', पुस्तकात 'केले, झाले'. 'काम केले' वाचलं की तिला वाटतं कामं पुष्कळ होती. (हिंदीत तर केले म्हणजे केळी.)

त्यात वय आडवं येतं. जे तिला सहज वाचता येईल ते पुस्तक पानावर तीन ओळी आणि भलं मोठं चित्र असलेलं. ते धाकट्या भावासमोर धरायची लाज वाटते. तिच्या वयाची गोष्ट घ्यावी तर दर ओळीत ठेच.

आता ती दुपार. दांडिया बाजारातलं घर घ्या नाहीतर मांजलपूरचा फ्लॅट, सुट्टीचा पाचवा-सहावा दिवस. बाहेर ४२ अंश, पडदे ओढलेले, आमरस अंगावर आलेला. पोरगी मोठ्याने वाचतेय, आई शेंगा सोलत ऐकतेय. "दुसर... या दिवशी." "नीट बघ." "दुसरया." "अगं, नीट!" तिसऱ्यांदा चुकल्यावर सुट्टीला आलेला मामा हसतो, "ही तर पक्की गुजराती झाली!" सगळे हसतात. तीही हसते, आणि घात त्या हसण्यात होतो. त्यानंतरचं वाचन ऐका: वेग वाढतो, पूर्णविरामापाशी आवाज खाली येत नाही, नजर सारखी पानाच्या आकड्याकडे. गोष्टीतला म्हातारा कुठे गेला विचारा, सांगता येणार नाही. ते पुस्तक मग फ्रिजवर जातं आणि चौदाव्या पानातली खूण दिवाळीची झाडझूड होईपर्यंत चौदाव्याच पानात राहते. मामाला दोष देऊन उपयोग नाही. तो नसता तर आजोबा बोलले असते.

त्या क्षणी करायचं ते फार थोडं. मनात पाच मोजा. नाहीच आलं तर शब्द तुम्ही म्हणा, साध्या आवाजात, आणि पुढे जाऊ द्या. "परत वाच" म्हणू नका. अर्थ बदलत असेल तरच टोका. एका पानावर पाच शब्द अडले, म्हणजे हाताची बोटं संपली, तर पुस्तक आज तिचं नाही. ते तुम्ही वाचून दाखवा. कुठल्याही पुस्तकाची पहिली तीन-चार पानं तुम्हीच वाचा, कारण नवी नावं, नवं गाव, सगळी चढण तिथेच असते. बोट ओळीखाली फिरतं ठेवा, म्हणजे 'दुसऱ्या' दिसायला आणि ऐकायला एकदमच मिळतो. मग तुमचं एक पान, तिचा एक परिच्छेद. १५ मिनिटं पुरे. दुपारी नको, रात्री अंथरुणं पडल्यावर. गोष्टीत दार वाजलं की थांबा, दार कोणी उघडलं ते उद्या.

"मग शुद्ध वाचन कोण शिकवणार?" हेही ठरलेलंच. पूर्वी मीच सांगायचो: रोज दहा पानं, कठीण शब्दांची वही, पुस्तक संपलं की आइस्क्रीम. दहा पानांमुळे मुलं पानं मोजायला शिकली. पण वही नेटाने भरलेल्या दोघा-चौघांचं मराठी आज खणखणीत आहे, तेव्हा मी पूर्ण चुकत होतो असंही छातीठोकपणे म्हणवत नाही.

बडोद्याचे महाराज सयाजीरावांनी १९०६ साली राज्यभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं, १९१० साली अमेरिकेहून ग्रंथालयतज्ज्ञ बॉर्डनना बोलावून ग्रंथालयं उभी केली, हे आपण भाषणांत टाळ्या घेत सांगतो. त्यातली कामाची गोष्ट म्हणजे फिरत्या पेट्या: थोडी पुस्तकं वाचणाऱ्याच्या दारी जायची आणि बदलत राहायची. घरी तेच करा. काचेच्या कपाटाला कुलूप असू दे. सहा पुस्तकं टोपलीत घालून ती जिथे लोळते तिथे जमिनीवर ठेवा, आठवड्याने बदला. त्यात एखादं कोड्यांचं, एखादं पाककृतींचं असू दे. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१पासूनचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. तुकडे छोटे असतात आणि मुखपृष्ठ बाळबोध दिसत नाही.

सुट्टी जेमतेम पाच आठवड्यांची. एवढ्यात ती एकटी वाचू लागेल का, सांगता येत नाही. पुढच्या वर्षी कदाचित खोलीचं दार लावून घेईल, तुम्ही वाचलेलं नकोही होईल. यादी हवीच असेल तर पाठवतो. फक्त तिला भुतं आवडतात की क्रिकेट, तेवढं कळवा. वय आणि इयत्ता नको.